मेसालामाइन वर्षाला कितीला पडतं?

दिवसाला २.४ ग्रॅम धरलं, तर वर्षाला ८७६ ग्रॅम. अल्सरेटिव्ह कोलायटिस आटोक्यात ठेवण्यासाठी रोज मेसालामाइन घेणाऱ्याने एवढा एक आकडा पाठ केला, तरी मेडिकलच्या काउंटरवरचा बराच गोंधळ कमी होतो. डॉक्टर डोस ठरवतात ग्रॅममध्ये, पट्टीवर किंमत छापलेली असते दहा किंवा पंधरा गोळ्यांची, आणि घरखर्च चालतो महिन्यावर. हे तिन्ही एका मापात आणल्याशिवाय कुठली गोळी स्वस्त आणि कुठली महाग ते कळत नाही. शिवाय हा पाच-सात दिवसांचा कोर्स नव्हे, हे औषध वर्षानुवर्षं चालतं. ग्रॅममागे पाच रुपयांचा फरक म्हटला तर वर्षाला ४,३८० रुपये होतात.

हा लेख आजार शांत असलेल्यांसाठी आहे. सध्या रक्त पडत असेल, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागत असेल, ताप असेल, तर आधी पोटाचे डॉक्टर गाठा. हिशेब नंतर.

ज्यांच्या घरात हा आजार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि काहींमध्ये ती वर सरकत जाते. रक्त आणि आव पडते म्हणून आपल्याकडे अनेकांवर आधी मूळव्याधीचे किंवा अमीबाचे उपचार होतात. कोकणात कुड्याची सालही उगाळून होते. दुर्बीण आत गेल्यावर आणि तुकडा तपासल्यावर खरं निदान होतं. त्यानंतरचं आयुष्य दोन प्रकारच्या दिवसांत विभागलं जातं. आजार उसळलेला, म्हणजे फ्लेअर, आणि शांत असलेला, म्हणजे रेमिशन. मेसालामाइन दोन्हींत देतात, पण त्याचं मोठं काम रेमिशन टिकवण्याचं. सौम्य ते मध्यम आजारात पहिलं औषध हेच.

अडचण अशी की रेमिशनमध्ये माणसाला काहीच होत नसतं. पोट बरं आहे, रक्त नाही, मग रोज गोळ्या कशाला, असं वाटायला लागतं. महिनाअखेरीला पट्टी संपते आणि पगार झाल्यावर आणू म्हणून आठवडा जातो. हा आठवडा किती महागात पडू शकतो, याचे आकडे उपलब्ध आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात सहा ते बारा महिन्यांत आजार उलटलेल्यांचं प्रमाण मेसालामाइन गटातली औषधं घेणाऱ्यांत ३७ टक्के होतं, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ५५ टक्के. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांच्या अभ्यासात, ठरलेल्या औषधापैकी ८० टक्क्यांहून कमी औषध नेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक निघाला. म्हणजे गोळी घेऊनही काहींचा आजार उलटतो, हे खरं. पण न घेता तो उलटण्याची शक्यता बरीच वाढते. मग स्टेरॉइड, रक्ताच्या तपासण्या, पुन्हा दुर्बीण, कामावरच्या सुट्ट्या, कधी दवाखान्यात भरती. गोळ्या गाळून वाचवलेले पैसे असल्या एका फेरीत वसूल होतात. त्यामुळे इथून पुढे जी काटकसर सांगितली आहे तिच्यात गोळी चुकवणं कुठेही नाही.

पट्टी उलटी करून वाचा

मेसालामाइन गोळ्या आपल्याकडे मुख्यतः तीन ताकदींत दिसतात: ४०० मिलिग्रॅम, ८०० मिलिग्रॅम आणि १.२ ग्रॅम. मेसाकॉलसारख्या ब्रँडमध्ये गोळ्या मिळतात, पेंटासामध्ये दाण्यांची पुडीही मिळते. दिवसाचे २.४ ग्रॅम भरायला ४०० च्या सहा, ८०० च्या तीन किंवा १.२ च्या दोन गोळ्या लागतात. आता पट्टी उलटी करा. मागे चंदेरी कागदावर बारीक अक्षरात चार गोष्टी असतात: औषधाचं मूळ नाव, एका गोळीत किती, पट्टीत किती गोळ्या आणि सर्व कर धरून कमाल किंमत. गोळ्यांच्या संख्येला ताकदीने गुणा, पट्टीतले ग्रॅम मिळतात. किमतीला त्या ग्रॅमने भागा. एवढंच.

हिशेब दिसावा म्हणून मी इथे गोल आकडे धरतो, तुम्ही तुमच्या पट्टीवरचे घाला. समजा ४०० च्या दहा गोळ्या ८० रुपयांना आहेत. पट्टीत ४ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २० रुपये. ८०० च्या दहा गोळ्या १३६ रुपयांना, पट्टीत ८ ग्रॅम, ग्रॅमला १७. १.२ च्या पंधरा गोळ्या ३९६ रुपयांना, पट्टीत १८ ग्रॅम, ग्रॅमला २२. नुसत्या पट्ट्यांच्या किमती पाहिल्या तर ८० रुपयांची पट्टी सर्वांत स्वस्त वाटते, पण ती दोन दिवसही पुरत नाही. वर्षाच्या ८७६ ग्रॅमचे पहिल्या पट्टीने १७,५२०, दुसरीने १४,८९२ आणि तिसरीने १९,२७२ रुपये होतात. दहाची पट्टी आणि पंधराची पट्टी यांची सरळ तुलना करणं ही तर नेहमीची चूक. पंधराची पट्टी महाग आहे असं म्हणून माणसं दहाची महागडी घेऊन जातात.

या उदाहरणात दिवसातून एकदा घ्यायच्या, नावापुढे ‘ओडी’ असलेल्या १.२ च्या गोळीला ८०० च्या गोळ्यांपेक्षा रोज १२ रुपये जास्त पडतात. हे १२ रुपये द्यावेत का? ज्याला दुपारचा डोस हमखास विसरायला होतो, त्याने खुशाल द्यावेत. पण त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ८०० च्या तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेतल्या तर चालतील का? रेमिशन टिकवताना दिवसाचा डोस एकदम घेणं हे विभागून घेण्याइतकंच गुणकारी असल्याचं अनेक चाचण्यांत दिसलं आहे, आणि त्यात फक्त ‘ओडी’ गोळ्या नव्हत्या. जुन्या चिठ्ठीवर १-१-१ लिहिलेलं असतं आणि तेच वर्षानुवर्षं पुढे चालू राहतं. डॉक्टर हो म्हणाले तर दुपारचा विसर आणि रोजचे १२ रुपये दोन्ही सुटतात.

दुसरा प्रश्न डोसचा. फ्लेअरमध्ये दिवसाला ४.८ ग्रॅमपर्यंत औषध दिलं जातं. रेमिशन टिकवायला प्रौढांना साधारणपणे किमान २ ग्रॅम लागतात, आणि २ ते २.४ ग्रॅमवर बऱ्याच जणांचं भागतं. आजार शांत होऊन महिने लोटले, तरी चिठ्ठीवर फ्लेअरचाच डोस राहिला असेल, तर तुम्ही दुप्पट पैसे भरत आहात. काहींना वरचाच डोस लागतो, वारंवार आजार उलटणाऱ्यांना विशेषतः. म्हणून डोस स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही. पुढच्या भेटीत मात्र विचारायचं: आता हा डोस इतकाच लागेल का?

‘सेमच आहे’

“ही कंपनी शॉर्ट आहे ताई, दुसरी देऊ? कंटेंट सेमच आहे.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ऐकू येतं. साध्या पॅरासिटामॉलला ते चालून जातं. मेसालामाइनला जरा थांबून विचार करावा लागतो. हे औषध नुसतं गिळलं, तर वरच्या आतड्यातच शोषून जाईल आणि जिथे सूज आहे तिथे थोडंच पोचेल. म्हणून गोळीवर असं आवरण असतं की ती लहान आतड्याच्या शेवटी किंवा मोठ्या आतड्यात उघडते. काही आवरणं आतड्यातल्या आम्लतेच्या पातळीनुसार विरघळतात, काही गोळ्यांत औषध एका जाळीत गुंतवलेलं असून हळूहळू सुटतं, पेंटासाच्या दाण्यांतून ते वेळेनुसार झिरपतं. पट्टीवर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘प्रोलाँग्ड रिलीज’, ‘डिलेड रिलीज’ असं जे छापलेलं असतं ते हेच.

यातली कुठली पद्धत सरस, याला भक्कम पुरावा नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही एका प्रकाराला दुसऱ्यापेक्षा वर ठेवत नाहीत. माझ्या मते ही ग्राहकासाठी चांगली बातमी आहे: सुरुवात करताना परवडणारा ब्रँड निवडायला हरकत नाही. मात्र एकदा पोट एका गोळीवर स्थिर झालं की दर महिन्याला काउंटरवर जे मिळेल ते घेणं बरं नाही. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून एकदा बदला, चिठ्ठीवर नवं नाव लिहून घ्या आणि मग त्यावर टिका. दुकानदाराने पर्याय पुढे केला तर ताकद, सुटण्याची पद्धत आणि गोळ्यांची संख्या या तीन गोष्टी जुन्या पट्टीशी ताडून पाहा. म्हणूनच रिकामी पट्टी खिशात ठेवून जाणं उपयोगाचं.

आणखी एक. गोळी चघळायची, फोडायची किंवा कुटायची नाही, आवरण मोडलं की पैसे वाया. शौचात कधी गोळीचं रिकामं टरफल दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण अख्खी न विरघळलेली गोळी वारंवार दिसायला लागली, तर डॉक्टरांना सांगा. ते औषध तुम्हाला लागूच होत नाहीये.

जुनं, स्वस्त आणि थोडं त्रासदायक

खर्चाचा विषय निघाला की सल्फासालाझिनचं नाव घेतलंच पाहिजे. हे मेसालामाइनचं आजोबा म्हणावं असं औषध. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी संधिवातासाठी ते घडवण्यात पुढाकार घेतला आणि कोलायटिसवर ते लागू पडतं हेही त्यांनाच दिसलं. त्यात दोन रेणू जोडलेले असतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते तोडतात. यातला खरा काम करणारा भाग कोणता, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी दोन्ही भाग वेगवेगळे देऊन दाखवलं. तो भाग म्हणजे आजचं मेसालामाइन. दुसरा, सल्फाचा भाग, बराचसा त्रास देतो.

साझ, साझो या नावांनी ते आपल्याकडे मिळतं. रेमिशनसाठी नेहमीचा डोस दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, वर्षाला १,४६० गोळ्या. गोळी पाच रुपयांची धरली तर वर्षाचे ७,३०० रुपये, वरच्या उदाहरणातल्या सर्वांत स्वस्त मेसालामाइनच्या निम्मे. आणि ते दुय्यम प्रतीचं औषधही नाही. कोक्रेनच्या त्याच आढाव्यात आजार उलटण्याचं प्रमाण सल्फासालाझिनवर ४३ टक्के आणि नव्या औषधांवर ४८ टक्के होतं. सांधेही दुखत असतील तर ते अनेकदा मुद्दाम दिलं जातं.

मग सगळ्यांना तेच का देत नाहीत? डोकं दुखतं, मळमळतं, काहींना सोसवत नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते वर्ज्य. लघवी नारिंगी होते, आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. फॉलिक अ‍ॅसिड सोबत घ्यावं लागतं. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, वरचेवर कराव्या लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी बचतीतला काही भाग लॅबकडे जातो. पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते. औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते, पण मूल हवं असलेल्या जोडप्याला हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं, आणि लाजेपायी ते पुष्कळदा बोललं जात नाही. हे सगळं समजून ज्याला ते सोसतं, त्याने स्वस्त आहे म्हणून कमीपणा मानायचं काहीच कारण नाही.

सूज फक्त गुदाशयात किंवा डाव्या बाजूच्या आतड्यात असेल तर आणखी एक वाट आहे: गुदद्वारातून घ्यायची मेसालामाइनची सपोझिटरी किंवा एनिमा. एका नगाची किंमत गोळीपेक्षा बरीच जास्त दिसते, त्यामुळे लोक बिचकतात. पण गुदाशयापुरत्या आजारात ते गोळीपेक्षा जास्त लागू पडतं, आणि रेमिशनमध्ये काहींना आठवड्यातून दोन-तीनदाच पुरतं. महिन्याचा हिशेब मांडला तर कधी कधी रोजच्या गोळ्यांपेक्षा ते स्वस्तच ठरतं. नको वाटतं, हे मान्य. पण डॉक्टरांना विचारायला काही लागत नाही.

किंमत कोण ठरवतं, कुठे कमी मिळते

मेसालामाइन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. या यादीत नोंदलेल्या ताकदीच्या आणि रूपाच्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. यादीबाहेरची ताकद किंवा रूप असेल तर कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत किंमत वाढवता येते. एकाच औषधाच्या दोन ताकदींमध्ये ग्रॅममागे तफावत पडते, तिच्यामागचं एक कारण हे. प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात ब्रँडचं किंवा औषधाचं नाव टाकलं की किंमत आणि पर्यायी ब्रँड दिसतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी दहा मिनिटं त्यात घालवा, म्हणजे ‘यातलं कुठलं चालेल?’ असं नावानिशी विचारता येतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २२४ रुपयांची पट्टी त्यामुळे २१० ला यायला हवी. छापील किमतीत कर आलेला असतो, त्यावर वेगळा जीएसटी लावणारं बिल चुकीचं.

जन औषधी केंद्रं देशात १५ हजारांवर गेली आहेत. नावाजलेल्या ब्रँडपेक्षा तिथे किंमत ५० ते ८० टक्के कमी असते असा सरकारचा दावा आहे. केंद्रात जाऊन ‘मेसाकॉल आहे का’ विचारलं तर नाही म्हणतील, कारण तिथे ब्रँड नसतात. ‘मेसालामाइन’ किंवा ‘मेसालाझिन’ असं मूळ नाव आणि ताकद सांगा. जाण्याआधी ‘जन औषधी सुगम’ अ‍ॅपवर नाव आणि किंमत पाहून घ्या. तुमची ताकद तिथे मिळाली तरी साठा सलग राहील याची खात्री करूनच बदला. एक महिना तिथलं, दुसरा महिना बाहेरचं, असं करायचं नाही.

ब्रँडचंच औषध घ्यायचं असेल तर पुण्यात सदाशिव पेठ, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट आणि नागपुरात संदेश दवा बाजार ही औषधांच्या घाऊक व्यापाराची ठिकाणं. काही दुकानं तिथे किरकोळ ग्राहकालाही चिठ्ठीवर देतात आणि सूट बरी मिळते. पण गल्लीतल्या मेडिकलवाल्याला कमी लेखू नका. तुम्ही वर्षाला पंधरा-वीस हजारांचे कायमचे गिऱ्हाईक आहात हे त्याला कळलं की तोही सूट देतो, आणि मुख्य म्हणजे तुमची गोळी संपण्याआधी मागवून ठेवतो. ऑनलाइन घेताना सूट वजा पोचवण्याचा खर्च असा आकडा काढा. तीन महिन्यांचं एकदम घ्यायला हरकत नाही, पट्टीवरची मुदत तेवढी पाहा. कापलेली पट्टी घेऊ नका, तारीख बहुतेक वेळा कापलेल्या बाजूलाच गेलेली असते.

मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, अशा सरकारी व पालिका रुग्णालयांत तपासणी नाममात्र खर्चात होते. औषध तिथल्या खिडकीवर दर महिन्याला मिळेलच असं धरून चालू नका. विचारा, मिळालं तर उत्तम. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआयमधून, केंद्र सरकारी नोकर-निवृत्तांना सीजीएचएसमधून औषध मिळू शकतं. ज्यांचा हक्क आहे तेही कंटाळून बाहेरून विकत घेतात, याची मला गंमत वाटते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार रुग्णालयातल्या उपचारांना आहे, रोजच्या गोळ्यांना नाही. गोव्यातल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचंही तसंच.

विमा आणि कर

खासगी आरोग्य विमा बहुधा रोजच्या गोळ्यांचे पैसे देत नाही. ओपीडी जोडलेली असेल तरच. भरती झालात तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ठराविक दिवसांतली औषधं मात्र दाव्यात बसतात, ती बिलं टाकून देऊ नका. निदान झाल्यावर नवी पॉलिसी घेणाऱ्याने एक गोष्ट नीट वाचायची. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमावलीत काही आजार कायमचे वगळण्याची मुभा होती आणि त्या यादीत आतड्यांच्या दाहाचे आजार होते. त्यामुळे तुमच्या पॉलिसीवर कायमच्या वगळणुकीची ओळ आहे का ते सही करण्याआधी पाहा. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका. दाव्याच्या वेळी जुनी कॉलोनोस्कोपी सगळं बाहेर काढते. नोकरीतल्या गट-विम्यात बहुतेकदा पहिल्या दिवसापासून जुना आजार धरलेला असतो.

करसवलत जुन्या करप्रणालीतच. गंभीर आजारांच्या खर्चाची जी वजावट कलम ८०डीडीबीमध्ये होती, तिच्या यादीत कोलायटिस नाही, सीएने उगाच आशा लावली तर यादी दाखवायला सांगा. पण घरात साठीपुढचे आई-वडील रुग्ण असतील आणि त्यांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा ५० हजारांपर्यंतचा खर्च ८०डीखाली वजा करता येत आला आहे. अट एकच: रोख नको. यूपीआयने किंवा कार्डाने द्या आणि बिलावर रुग्णाचं नाव घालून घ्या.

गोळीपलीकडचा खर्च

मेसालामाइन सहसा सोसतं. क्वचित ते मूत्रपिंडाला इजा करतं आणि ती सुरुवातीला जाणवत नाही. म्हणून सुरू करण्याआधी, मग काही आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन तपासायचं. ही काहीशे रुपयांची तपासणी आहे, तिच्यात काटकसर करू नका. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच जुलाब, रक्त, कळा वाढल्या तर डॉक्टरांना लगेच कळवा, काही थोड्या रुग्णांना औषधच सोसत नाही आणि ते फ्लेअरसारखं दिसतं. आतड्यातली सूज दाखवणारी शौचातली कॅल्प्रोटेक्टिन तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण दोन-तीन हजारांच्या घरात जाते. महाग वाटते, पण तिच्यामुळे पुष्कळदा दुर्बीण टळते. आजार सुरू होऊन आठ वर्षं झाल्यावर मात्र कर्करोगाच्या तपासणीसाठी कॉलोनोस्कोपी ठराविक काळाने करावीच लागते. तो खर्च वर्षाच्या बजेटमध्ये आधीच बाजूला ठेवा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, त्यांनी आजार भडकू शकतो. मोबाइलवर दिसणारे ‘आतडं स्वच्छ’ करणारे डबे माझ्या यादीत शून्य रुपयांचे आहेत.

परदेशी असलेल्यांसाठी थोडं. इंग्लंडमध्ये २०२५-२६ मध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात आणि कोलायटिस सवलतीच्या यादीत नाही. वर्षात बारा किंवा जास्त औषधनोंदी होत असतील तर ११४.५० पौंडांचं वार्षिक प्रमाणपत्र घेणं परवडतं. स्कॉटलंड, वेल्समध्ये पैसेच लागत नाहीत. अमेरिकेत लिआल्डा या १.२ ग्रॅमच्या महागड्या ब्रँडला २०१७ मध्ये जेनेरिकची मंजुरी मिळाली ती अहमदाबादच्या झायडसला. तिथल्या चिठ्ठीवर जेनेरिक लिहून मागा. इकडून कुरिअरने पाठवलेल्या गोळ्या सीमाशुल्क खातं अडवू शकतं. स्वतःसोबत नेताना तीन महिन्यांच्या आतल्याच न्या आणि मूळ पट्टी व चिठ्ठी जवळ ठेवा.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर औषध किंमत प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १८०० १११ २५५ आहे. आणि महिना खरंच ओढाताणीचा असेल, तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि आडपडदा न ठेवता विचारा: डोस कमी करता येईल का, ८०० च्या एकदम घेऊ का, जन औषधीचं चालेल का, सल्फासालाझिन मला सोसेल का? या चारपैकी एकाचं उत्तर हो असण्याची शक्यता बरीच आहे.